घरच्या बरणीतली दालचिनी

१

दयाराम चोगले मेला तेव्हा त्याचे डोळे पिकल्या सुपारीसारखे झाले होते. नखं पिवळी, तळवे पिवळे, खांदेकऱ्यांनी उचलताना बघितलं तर कपाळसुद्धा पिवळं. दारूला न शिवलेला माणूस. दिवेआगरात स्वतःच्या हातानं नारळी-पोफळीची वाडी शिंपणारा माणूस. असा माणूस बघता बघता वाळला, पिवळा पडला आणि माणगावच्या दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं होतं, "झाडपाल्याचं काही चालू होतं का?"

"न्हाय ओ," सगळं घर एका सुरात म्हणालं. "साखरेसाठी दालचिनी खायचे फक्त. ती पण आपल्याच वाडीतली."

डॉक्टरांनी मान हलवली. काविळीच्या विषाणूंच्या सगळ्या तपासण्या कोऱ्या आल्या होत्या. लिव्हर निकामी झालं होतं, का झालं ते सांगता येत नव्हतं. पोस्टमॉर्टेम झालं, कसल्याशा बाटल्या तपासणीला मुंबईला गेल्या. अहवाल यायचा तेव्हा येईल. पण गाव अहवालासाठी थांबतंय होय? मरणाला नाव मिळालं नाही की लोक माणसाचं नाव शोधायला लागतात.

ते नाव धाकट्या मुलानं घेतलं. ओटीवर भावकी बसली होती. सुजित खांबाला टेकून उभा होता. हाच तो, वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधून धंदा करणारा. तो सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला.

"बाबांना काढा कोण देत होतं?"

सगळ्यांनी माना वळवल्या, स्वयंपाकघराच्या दाराकडे. दारात थोरली सून उभी होती, तेजस्वी. हातात चहाचा ट्रे. तिनं तो खाली ठेवला.

"भावजी, तुम्हाला म्हणायचंय काय?"

"मी काय म्हणत न्हाय. म्हणायचं ते पोलीस म्हणतील. दहावं होऊ दे. दादाला बोटीवर फोन केलाय मी. आणि एक ऐकून ठेव वयनी, तू कुठं जायचं ते जा, पोरगी या घरातली हाय. आरोही इथंच राहील."

नवरा मालवाहू बोटीवर, आफ्रिकेच्या पलीकडे कुठं तरी. माहेर पार पोलादपूरच्या डोंगरात. आणि दालचिनीचा काढा तिनंच दिला होता. रोज. स्वतःच्या हातानं. हे खोटं कसं म्हणायचं?

त्याहून वाईट गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. दालचिनीची बरणी ज्या फळीवर होती, त्याच फळीवर मागच्या कोपऱ्यात उंदराच्या औषधाची पुडी होती. त्या दुपारी तिनं चोरून जाऊन बघितलं.

पुडी फुटलेली होती.

२

गोदूआत्या नागावहून आली. आगरदांड्याला फेरीबोटीत बसली, दिघीला उतरली, तिथून रिक्षा करून दारात. दयारामची थोरली बहीण. उभी हयात भेसळ पकडणाऱ्या सरकारी खात्यात गेलेली. दुधात पाणी, हळदीत रंग, मिरपुडीत पपईच्या बिया, असलं धुंडाळत किती दुकानदारांचे शिव्याशाप खाल्ले त्याला गणती नाही. भावाच्या फोटोसमोर बसून ती आधी मनसोक्त रडली. मग पदरानं नाक पुसलं आणि स्वयंपाकघरात येऊन दार लोटून घेतलं.

"तेजस्वी, तू घातलंस का काही?"

"आत्या!"

"ओरडू नको. व्हय का न्हाय?"

"न्हाय! आरोहीची शपथ!"

"शपथा नको. शपथांवर मी कधी कुणाला सोडलं न्हाय. मग एवढी घाबरलीस कशाला?"

तेजस्वीनं फळीकडे बोट दाखवलं. आत्यानं खुर्ची ओढली, वर चढली, पुडी काढली, चष्मा कपाळावर सारून जवळून बघितली.

"उंदरानंच कुरतडलीय. दातांच्या खुणा बघ. आणि ही बरणी झाकणाची, घट्ट." मग पुडी केराच्या डब्यात फेकली. "दवाखान्यातले कागद मी बघितले. उंदराच्या औषधानं माणूस असा महिनोन्‌महिने पिवळा पडत न्हाय. नि खाणं ठेवता त्या फळीवर इख ठेवता! अक्कल कुठं गहाण टाकलीय तुम्ही?"

तेजस्वीला त्या शिव्या गोड लागल्या. किती दिवसांनी कुणी तरी तिच्याशी नीट बोललं होतं.

"आता सांग. काढा कसा, किती, कधीपासून?"

सांगण्यासारखं होतं ते असं. दयारामला साखर. डॉक्टरांची गोळी चालू होती, सोबत कोलेस्टेरॉलची गोळी. दालचिनीचा चिमूटभर काढा तो वर्षानुवर्षं अधूनमधून घ्यायचा, वाडीत चार झाडं होती म्हणून. दिवाळीच्या सुट्टीत सुजितच्या खोल्यांवर निसर्गोपचाराचं शिबिर झालं. शिबिरवाल्या पियूष सरांनी सांगितलं, चिमटीनं काय होतंय, चमचे भरून घ्या, सकाळ-संध्याकाळ. तेव्हापासून दयाराम शिगेचा चमचा घ्यायचा. मग दोन.

"मी म्हटलं होतं बाबांना, जास्त होतंय. ते म्हणाले, अगं झाडाची साल ती, काय मारतेय होय?"

"आणि डॉक्टरला सांगितलं?"

"घरचंच तर आहे, त्यात काय सांगायचं, म्हणाले."

आत्यानं डोळे मिटले. "घरचंच तर आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "चवीबद्दल काय बोलायचा का कधी?"

"हो. अलीकडं म्हणायचे, काढा तिखट लागतो, जिभेला चावतो. आधी गोड लागायचा. मला वाटलं जास्त घेतात म्हणून."

"आणखी काय बदललं दिवाळीपासून? कायपण सांग. फालतू वाटलं तरी."

तेजस्वी आठवायला लागली. "फालतूच आहे. मिक्सरचं पातं सारखं तुटतंय. आई मलाच बोलतात, हात जड आहे म्हणून. आधी तर मिक्सर लागायचाच नाही. दालचिनी नुसती खलात दोनदा ठेचली की पीठ व्हायची."

आत्या खुर्चीवरून ताडकन उठली. बरणी उघडली. भुकटीच्या खाली न दळलेले काही तुकडे होते. एक काढून तिनं दोन्ही अंगठ्यांनी मोडायला बघितला. मोडेना. वास घेतला, कोपरा चावला, थुंकली.

"पोरी," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्यातलं आरोहीला कधी दिलंस?"

"रोज... संध्याकाळी दुधातून. थोडंसं."

"आजपासून बंद. उद्या तिचं रक्त तपासून आण. ही तुमच्या झाडाची दालचिनीच न्हाय."

३

वाडीच्या टोकाला, विहिरीपलीकडे, दालचिनीचं एकच झाड उभं होतं. मोठ्या वादळात तीन उन्मळून पडली, ती पुन्हा कुणी लावली नाहीत. आत्यानं तेजस्वीकडे कोयती मागितली आणि सुजितला हाक मारली.

"सुजित, लेका, पाहुण्यांना विकतोस त्या पाकिटांवर लिहिलंय, आमच्या वाडीतली ताजी दालचिनी. कधी सोललीस?"

"हीच की, मागल्या महिन्यात. सीझन चालू हाय ना आत्या. पाहुणे मागतात."

"वैशाखात?"

"व्हय."

आत्यानं बोटाएवढी फांदी तोडून त्याच्या हातात दिली. कोयती पुढं केली. "सोलून दाखव."

सुजितनं सोलायला घेतलं. वरचा तपकिरी पापुद्रा खरवडला, आतली साल उचकटायला गेला. साल लाकडाला अशी चिकटलेली, की बोटभर पट्टीसुद्धा सलग निघेना. नुसते भुस्के पडले.

वाडीत वाढलेल्या पोराला हे ठाऊक असायला हवं होतं. दालचिनी सोलायची पाऊस सरल्यावर, झाडात रस असतो तेव्हा. तेव्हा साल केळीच्या सालीसारखी सुटते. पातळ पट्ट्या एकात एक घालून सावलीत वाळवल्या की विडीच्या पानासारखी गुंडाळी होते, बोटांनी चुरगळली तरी पीठ. उन्हाळ्यात झाड साल सोडत नाही. बापानं शिकवलं होतं, पण पोरगं तेव्हा पाहुण्यांच्या पोरांना बनाना राइड देत होतं.

"आता खरं बोल."

सुजितचा चेहरा लाल झाला. "बरं, एका झाडात भागत न्हाय! वाशीच्या बाजारातनं एक पोतं आणलं दिवाळीला. पाकिटात वर दोन नळ्या वाडीच्या, खाली पोत्यातलं. सगळेच करतात. दालचिनी ती दालचिनी! त्याचा बाबांशी काय संबंध? वयनीला वाचवायला तू माझा धंदा मधे आणतेस?"

"पोतं कुठंय?"

"माळ्यावर."

तिघं माळ्यावर गेले. सोललेल्या नारळांचा ढीग होता, जुन्या खुर्च्या होत्या. पोतं नव्हतं. फळ्यांवर तपकिरी भुकटीची चौकोनी खूण तेवढी उरली होती आणि त्या कोंदट माळ्यात नाकात जाणारा गोडसर, उग्र वास.

"इथंच होतं," सुजित म्हणाला. पण म्हणताना त्यानं आत्याकडे बघितलं नाही.

तेजस्वीनं ते बघितलं. आणि पहिल्यांदाच तिला स्वतःवरच्या आळाची नाही, दिराची भीती वाटली.

४

दुसऱ्या दिवशी भेटायला पियूष सर आले. पांढरा झब्बा, हातात तांब्याची बाटली. डॉक्टर नाही, वैद्य नाही. कुठल्या तरी कंपनीत साबण विकायचा, मग एकदा आजारी पडला, बरा झाला आणि सगळ्या जगाला बरं करायला निघाला. अशी माणसं किनाऱ्यावर सध्या जेलीफिशसारखी झालीत. दिसायला सुंदर, अंगाला लागल्यावर कळतं.

"फार सात्त्विक माणूस होते काका," तो म्हणाला. "पण आत्या, गोळ्यांनी लिव्हर आधीच पोखरलेलं असतं."

"दालचिनी किती घ्यायला सांगितलीस?"

"ते प्रत्येकाच्या प्रकृतीवर..."

"प्रकृती बघितलीस? नाडी, रक्त, चालू असलेल्या गोळ्या, कायतरी विचारलंस?"

"शिबिरात एवढे लोक असतात. आणि निसर्गाचं असतं ते, त्याला साइड इफेक्ट नसतो."

"कण्हेर निसर्गाचीच," आत्या म्हणाली. "खातोस? मागं वाडीच्या कुंपणाला हाय. आणू?"

पियूष उठायला लागला. आत्यानं हातानंच बसवला.

"बस. मी तुला शिकवते, फुकट. बाजारात दालचिनी म्हणून दोन झाडांच्या साली मिळतात. एक गोड, पातळ, ठिसूळ. दुसरी जाड, तिखट, लाकडासारखी, स्वस्त. त्या स्वस्तीत कुमारिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. भाजीत टाकलेल्या तुकड्यानं काय होत न्हाय. पण चमचे भरभरून रोज, महिनोन्‌महिने खाल्लं, वर लिव्हरवर ताण टाकणारी गोळी चालू असली, की एखाद्याचं लिव्हर सोसत न्हाय. सगळ्यांचं होत न्हाय. एखाद्याचं. तो एखादा कोण, हे आधी कुणाला कळत न्हाय. म्हणून डॉक्टरला सांगायचं असतं. साखर तरी किती उतरते? कुणाची थोडी, कुणाची कायच न्हाय. आणि गोळ्यांसोबत अचानक जास्त उतरली तरी माणूस चक्कर येऊन पडतो. यातलं एक वाक्य तरी तुझ्या शिबिरात होतं?"

पियूष बाटलीतलं पाणी प्यायला. "मी विकत नाही हो काही. मी फक्त सांगतो."

"तेच तर. विकणाऱ्याला मी निदान पकडायची. तुला कुठल्या कलमात घालू?"

तो चप्पल उलटी घालून गेला. तेजस्वीला वाटलं, झालं, सुटले. ती आत्याला म्हणाली, "म्हणजे त्या पोत्यातलं आणि यांचं ऐकून... मग माझा काही..."

"थांब. सुजित म्हणतो घरची बरणी वाडीची. तू म्हणतेस तू भरली न्हाईस. मग पोत्यातली साल चालत आली काय बरणीत? उद्या हाच प्रश्न पोलीस विचारतील. चमचा तुझ्या हातात होता. बरणी कुणी भरली ते कळल्याशिवाय तू सुटली न्हाईस."

बाहेरून सुजितच्या गाडीचा आवाज आला. आत्या खिडकीशी गेली. गाडीच्या मागच्या सीटवर पोतं होतं, वर ताडपत्री. तो ते समुद्राकडे घेऊन चालला होता.

५

त्याला खाडीच्या पुलावर गाठलं. म्हणजे आत्यानं शेजारच्या निकेशची रिक्षा थांबवली, तेजस्वीला आत ढकललं आणि "त्या गाडीच्या मागं घाल" म्हणाली. सुजितनं पोतं कठड्यावर ठेवलं होतं. तेजस्वी रिक्षातून उतरेना. दीर पुलावर, खाली भरतीचं पाणी, आजूबाजूला चिटपाखरू नाही. आत्या मात्र तरातरा चालत गेली आणि पोत्यावर चक्क बसली.

"ढकल आता. मलापण ढकल."

सुजित रडायला लागला. एवढा थोराड गडी, खाली बसून रडायला लागला. डॉक्टरांनी झाडपाल्याचं विचारल्यावर त्यानं मोबाइलवर वाचलं होतं, म्हणाला. पोत्यातल्या सालीनं लिव्हर जातं, हेही वाचलं. पोलीस घरात आले, पोतं सापडलं, पाकिटं सापडली, तर धंदा बुडाला. म्हणून आधी गोठ्यात लपवलं, आता इथं आणलं.

"आणि वहिनीवर आळ घेतलास."

"मला खरंच वाटलं तिनं कायतरी घातलं! बाबा तर आपल्या झाडाची खात होते. घरात पोत्यातलं कशाला खातंय कोण? घरात आपलंच असतं. बाबांची शप्पत, आत्या, मी घरच्या बरणीला हात लावला न्हाय."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. पूर्वी दुकानदारांकडे बघायची तसं. मग तिच्या चेहऱ्यावर काही तरी झरझर बदललं, जणू एखादं दार उघडलं आणि आत नको ते दिसलं.

"घरी चला," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

घरी बायजा, दयारामची बायको, मागच्या पडवीत आंबे निवडत बसली होती. नवरा जाऊन आठवडा झाला होता, पण हात थांबले नव्हते. पाहुणे उद्या येणार होते. अखंड, पिवळेधमक आंबे एका टोपलीत. पाखरांनी टोचलेले, डाग पडलेले दुसऱ्या टोपलीत.

"वन्सं, खाताव का आंबा?" तिनं डागाळलेल्या टोपलीतला एक चाकूनं साफ करून पुढं केला.

आत्यानं तो घेतला नाही. वाकली, बायजाची हनुवटी धरली आणि चेहरा उन्हाकडे वळवला.

तेजस्वीच्या तोंडून किंकाळी फुटली. सासूच्या डोळ्यांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या.

६

"बायजा, बरणी तर मी उचलून ठेवलीय. तू कुठली खातेस?"

बायजानं कनवटीची पुरचुंडी काढली. दालचिनीची भुकटी. "ह्यांची दळलेली उरली व्हती. टाकायची कशाला? माझी पन साखर हाय. ह्यांच्यासंगटीच घेत व्हते मी थोडी थोडी."

आत्यानं पुरचुंडी काढून घेतली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसली. सुजित दारात. तेजस्वी खांबाला धरून. आत्या बोलायला लागली तेव्हा तिच्या आवाजात दरारा नव्हता.

"ऐका तिघंही. दिवाळीनंतर मिक्सरचं पातं तुटायला लागलं आणि काढा जिभेला चावायला लागला. म्हणजे बरणीतली साल तेव्हा बदलली. तेव्हाच सुजितचं पोतं घरात आलं. आता ती पोत्यातनं बरणीत कुणी घातली? तेजस्वीनं? तिनं घातली असती तर पातं का तुटतंय ते तिला कळलं असतं. ती मेली रोज शिव्या खायची, आणि मला सांगताना तीच गोष्ट फालतू म्हणाली. जिला लपवायचंय ती अशी सांगत न्हाय. सुजितनं? त्यानं पोतं माळ्यावरनं गोठ्यात, गोठ्यातनं खाडीवर नेलं, पण स्वयंपाकघरातली बरणी तशीच उघड्यावर ठेवली. पुरावा लपवणारा माणूस निम्मा पुरावा फळीवर ठेवील का? त्याला ठाऊकच नव्हतं बरणीत काय हाय."

चिलटं आंब्यांवर घोंघावत होती.

"मग उरलं कोण? या घरात चांगलं कुठं जायचं नि वाईट कुठं जायचं, ते कोण ठरवतं?"

बायजा दोन टोपल्यांकडे बघत होती. एकीकडे बघितलं. मग दुसरीकडे. आपल्या किनाऱ्यावर हे कुठल्या घरात होत नाही? चांगला नारळ बाजाराला, फुटका घरात. अख्खा पापलेट गिऱ्हाइकाला, डोकी-शेपट्या कालवणाला. पिढ्यान्‌पिढ्या बायांनी हेच केलं, आणि याला संसार म्हटलं.

"पाकिटात वर घालायला सुजितला वाडीच्या नळ्या कमी पडायच्या," बायजा म्हणाली. आवाज जणू विहिरीतून येत होता. "तवा मी बरनीतल्या काढून दिल्या. पाव्हण्याला चांगलं द्यावं. आन बरनी पोत्यातल्यानं भरली. सस्तातली, जाडीभरडी. म्हटलं, आपल्याला काय, कसलीपन चालतीय."

"आई..." सुजित म्हणाला.

"मला काय ठाव! दालचिनी ती दालचिनी, तूच म्हनालास ना रं? तूच म्हनालास!" तिनं कपाळावर हात मारून घेतला. "माज्या हातानं भरली! माज्या हातानं गेले ते!"

सुजित भिंतीला टेकून खाली घसरला. पाहुण्यांसाठी रचलेली लबाडी घरच्या ताटात येऊन बसली होती, आणि ती वाढणारी त्याची आईच होती.

तेजस्वी पुढं झाली. ही बाई तिला पात्यापायी महिनोन्‌महिने घालून पाडून बोलली होती. सुजित ओटीवर बोलला त्या दिवशी ही गप्प बसली होती. ते सगळं तेजस्वीला आठवलं आणि तरी तिनं सासूचे हात कपाळावरून ओढून काढले.

"आई, उठा. रडायचं नंतर. आधी दवाखाना. आणि या वेळी डॉक्टरांना सगळं सांगायचं. किती चमचे, कुठली साल, कुठल्या गोळ्या. काही गाळायचं नाही. भावजी, गाडी काढा."

सुजितनं गाडी काढली. वाटेत, म्हसळ्याच्या घाटात, आरशात बघून तो पहिल्यांदा बोलला. "वयनी, आरोही तुझ्याजवळच राहील. मी ओटीवर बोललो ना, ओटीवरच उभा राहून परत बोलेन. सगळ्या भावकीसमोर."

"पोलिसांसमोर पण," मागून आत्या म्हणाली. "पोत्यासकट."

७

बायजा वाचली. काढा बंद झाला, डोळे हळूहळू निवळले, रक्ताचे आकडे उतरले. डॉक्टर म्हणाले, हाच सगळ्यात मोठा पुरावा. आरोहीचं रक्त स्वच्छ निघालं तेव्हा तेजस्वी दवाखान्याच्या पायरीवर बसून अशी रडली, की येणारेजाणारे तिला पाणी द्यायला लागले. सुजित ओटीवर उभा राहिला आणि बोलला. मान वर झाली नाही, पण बोलला.

घरी आल्या दिवशी बायजानं टोपलीतला सगळ्यात मोठा, अखंड आंबा उचलला आणि आरोहीच्या हातात दिला. कुणाला काही न सांगता.

इथं संपायला हवं होतं. पण गोदूआत्या निघताना दारात थांबली.

"सुजित, ती पाकिटं कुठं कुठं गेली?"

म्हणून ते फोन करायला बसले. खोल्या घेतलेल्या सगळ्या पाहुण्यांना, एकेक करून. बहुतेकांनी हसून सांगितलं, चहात चिमूटभर टाकतो हो, काही नाही झालं. काहींनी शिव्या घातल्या. सुजितनं शिव्या ऐकून घेतल्या. ठाण्याच्या एक बाई मात्र फोन उचलेनात. तेजस्वीला त्या चांगल्या आठवत होत्या. शिबिराला आल्या होत्या, जाताना दोन्ही हात भरून पाकिटं नेली होती. वडिलांच्या साखरेसाठी, म्हणाल्या होत्या. नंतर कुरिअरनं आणखी मागवली होती.

सुजितनं हात टेकले. "ऱ्हाऊ दे वयनी. उद्या बघू."

तेजस्वीनं फोन त्याच्याकडून घेतला आणि पुन्हा लावला. रिंग वाजत राहिली. मग कुणी तरी उचलला.

"हॅलो? हो, मीच. अय्या, दिवेआगरच्या ना तुम्ही? बरं झालं फोन केलात, पाकिटं संपतच आलीत. बाबा? बाबा बरे आहेत. म्हणजे, हल्ली जरा झोपूनच असतात. जेवण नको म्हणतात. उन्हाळा आहे ना."

तेजस्वी उठून उभी राहिली.

"ताई," ती म्हणाली, "माझं एक ऐका. त्यांना खिडकीशी आणा. उजेडात. आत्ता. मी फोन धरून आहे. आणा, आणि मला सांगा, त्यांचे डोळे कसे दिसतायत."